तीनचाकी विजेच्या गाडीसाठी आणखी पन्नास हजार भरावेत का?

कोरेगाव तालुक्यातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत आणि रोज मोटारसायकलने जाऊन-येऊन ४४ किलोमीटरचा प्रवास करतात. पाठीचे दुखणे आणि चार महिन्यांचा पाऊस यांना कंटाळून त्यांनी २०२२च्या दसऱ्याला एका नवउद्यमी कंपनीच्या तीनचाकी विजेच्या गाडीसाठी दहा हजार रुपये भरून नोंदणी केली. पुढे दोन चाके, मागे एक, दोघांची बैठक, वर छप्पर, दोन्ही बाजूंना दारे आणि किंमत साडेचार लाखांच्या आसपास, असे त्या गाडीचे वर्णन होते, आणि ती पुढच्या दिवाळीपर्यंत मिळेल असे सांगण्यात आले होते. त्यानंतर तीन दिवाळ्या होऊन गेल्या. आता कंपनीने कळवले आहे की, या महिनाअखेर आणखी पन्नास हजार भरणाऱ्यांना पहिल्या खेपेतील गाडी मिळेल. पैसे भरावेत, तसेच थांबावे की नोंदणी रद्द करावी, असे ते विचारतात.

सांगलीत विश्रामबागेजवळ माझे वाहनांच्या विद्युत कामाचे गॅरेज आहे. सत्तावीस वर्षे हे काम करतो आहे आणि त्यांपैकी गेली सात-आठ वर्षे निम्म्याहून अधिक कामे विजेच्या गाड्यांचीच असतात. प्रश्नकर्त्यांनी कंपनीचे नाव कळवले आहे. पण त्या कंपनीची गाडी मी हाताळलेली नाही, म्हणून ते नाव येथे घेत नाही आणि तिच्या हेतूविषयीही काही बोलत नाही. पुढे जे लिहिले आहे, ते अशा कोणत्याही नोंदणीला लागू पडेल.

आधी या वाट पाहण्याचे स्वरूप नीट समजून घ्यायला हवे. सातारकरांना गाडीसाठी थांबणे नवे नाही. १९७०च्या दशकात महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना साताऱ्यात उभा राहिला आणि तेथून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडू लागली, तेव्हा स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबणारी एक पिढीच होती. माझ्या चुलत्यांनीही असाच नंबर लावला होता आणि त्यांची स्कूटर आली, तेव्हा नंबर लावताना पाळण्यात असलेला त्यांचा मुलगा शाळेत जाऊ लागला होता. पण त्या रांगेतल्या माणसाला तीच स्कूटर रोज पोवई नाक्यावरून जाताना दिसत होती, तिचा आवाज ओळखीचा होता, ती उघडणारा फिटर गल्लीत होता आणि नोंदणीची अनामत पोस्टाच्या खात्यात असायची. प्रश्न फक्त आपला नंबर कधी लागेल, एवढाच होता. आपण ज्या रांगेत उभे आहात, तेथे दुकान अजून बांधून व्हायचे आहे, आणि बांधकामाला लागणाऱ्या पैशांत आपलेही दहा हजार आहेत. व्यवहाराच्या भाषेत याला उसने देणे म्हणतात, तेही बिनव्याजी आणि बिनतारण. आपण गाडीचे ग्राहक म्हणून विचार करत आहात, म्हणून आता पन्नास हजार म्हणजे ‘किमतीचा थोडा भाग’ वाटतो. उसनवारी म्हणून पाहिले, तर आधीची रक्कम तीन वर्षांत न फेडणाऱ्याला पाचपट रक्कम पुन्हा द्यावी का, असा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर आपल्याला कोणी सांगायची गरज नाही.

उशीर झाला म्हणजे कंपनी खोटी, असे मात्र मी म्हणणार नाही. एथर या बेंगळुरूच्या कंपनीने आपली स्कूटर २०१६च्या आरंभी लोकांना दाखवली आणि ग्राहकांच्या हाती ती २०१८मध्ये पडली. मधली अडीच वर्षे थांबलेल्यांना शेवटी चांगली गाडी मिळाली. तीनचाकी गाड्यांचा इतिहास मात्र इतका सुखाचा नाही. अमेरिकेत एलिओ मोटर्स नावाच्या कंपनीने ६,८०० डॉलर किमतीची, पेट्रोलवर चालणारी तीनचाकी जाहीर केली. लुइझियाना राज्यातील जनरल मोटर्सच्या बंद कारखान्यात ती तयार होणार होती आणि सुमारे ६५,००० लोकांनी तिची नोंदणी केली. त्या नोंदणीत दोन प्रकार होते. पैसे परत मिळण्याची मुभा ठेवणारा एक आणि परत न मागण्याच्या अटीवर किमतीत जादा सवलत देणारा दुसरा. पुष्कळांनी दुसरा प्रकार निवडला. ग्राहकांना एकही गाडी मिळाली नाही. आपल्याला आलेला पन्नास हजारांचा निरोप वाचताना मला हीच गोष्ट आठवली.

अमेरिकेतीलच ॲप्टेरा ही तीनचाकी विजेच्या गाडीची कंपनी २०११मध्ये बंद पडली. तिच्या मूळ संस्थापकांनी २०१९मध्ये ती पुन्हा उभी केली, सौर पट्ट्या लावलेल्या गाडीसाठी १०० डॉलरमध्ये नोंदणी सुरू केली आणि पुढची चार-पाच वर्षे भांडवल उभारण्यात व नमुना-गाड्यांच्या चाचण्यांतच गेली. तिसरे उदाहरण कॅनडातील इलेक्ट्रामेकॅनिकाच्या ‘सोलो’ या एकआसनी तीनचाकीचे आहे. ती खरोखर रस्त्यावर आली होती. पण चालू गाडीची ताकद अचानक जाण्याचा दोष निघाला आणि २०२३मध्ये कंपनीने अमेरिकेत विकलेल्या सर्व, म्हणजे ४२९ गाड्या ग्राहकांकडून परत विकत घेण्याचा निर्णय घेतला. पैसे परत मिळाले ही चांगलीच गोष्ट आहे, पण यावरून गाडी हातात आली म्हणजे वाट पाहणे संपले, असेही धरता येत नाही.

हे असे का होते, ते सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन पाहिले तर चटकन समजते. तेथे माझ्या परिचयाचे एक प्रेसवाले आहेत. पत्र्याचे लहान भाग दाबून देण्याचे त्यांचे काम आहे. काही वर्षांपूर्वी एका नव्या वाहन कंपनीचे दोन तरुण अभियंते त्यांच्याकडे बॅटरीखालच्या ब्रॅकेटचे रेखाचित्र घेऊन आले होते. पहिल्या दहा नगांसाठी त्यांनी पत्रा हाताने कापून, वाकवून, वेल्डिंग करून दिला आणि ते काम उत्तम झाले. त्यानंतर दोनशे नगांची मागणी आली, तेव्हा त्यांनी डाय, म्हणजे पत्रा दाबण्याचा साचा, करावी लागेल असे सांगून तिचे पैसे आगाऊ मागितले. समोरून नव्वद दिवसांच्या उधारीची बोली आली. काम तेथेच थांबले. एका ब्रॅकेटची ही गोष्ट आहे. दार, काच, दिवा, डॅशबोर्ड, आसनाचा सांगाडा अशा शेकडो भागांच्या साच्यांचा आणि डायचा खर्च, नग हजार असोत वा लाख, आधीच करावा लागतो. एक देखणी गाडी तयार करून प्रदर्शनात फिरवायला हुशारी पुरते. तीच गाडी हजार वेळा सारखीच तयार करायला भांडवल लागते आणि पुरवठादारांचे पैसे वेळेवर द्यावे लागतात. म्हणून कंपनीच्या चित्रफितीत गाडी धावताना दिसली, यावरून फार काही अनुमान काढू नये. ती गाडी कदाचित हातानेच वाकवलेल्या दहा नगांपैकी एक असेल.

आता गाडी आणि तिची कागदपत्रे यांच्याकडे वळू. आपल्याकडे अशी तीनचाकी ‘एल-५’ या वर्गात मोडते, म्हणजे दारे-खिडक्या लावून ती मोटारीसारखी दिसत असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती रिक्षाची सख्खी बहीण असते. मोटारीला ज्या समोरच्या आणि बाजूच्या धडकेच्या चाचण्या द्याव्या लागतात, त्या या वर्गाला सक्तीच्या नाहीत. मी हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. मोटारसायकलपेक्षा ती बरीच सुरक्षित असू शकेल, पण ‘छोटी मोटार’ या नावाखाली तिची जाहिरात होते, तेव्हा हा फरक कोणी सांगत नाही. विक्रीपूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६व्या नियमानुसार मान्यताप्राप्त संस्थेकडून नमुन्याला मंजुरी घ्यावी लागते, आणि अशी एक प्रमुख संस्था, एआरएआय, आपल्या पुण्यातच आहे. बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे मानक आहे आणि त्याच्या वाढीव अटी डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. आपली नोंदणी त्याच्या थोडी आधीची आहे. त्यामुळे उशिराचा काही भाग बॅटरी नव्याने करून पुन्हा चाचणीला नेण्यात गेला असण्याची शक्यता आहे, आणि तसे असेल तर तो उशीर समर्थनीय आहे. पण मग कंपनीने तसे सांगायला हवे होते. ‘लवकरच आनंदाची बातमी’ असे निरोप पाठवणारी कंपनी आणि ‘बॅटरीची अमुक चाचणी राहिली आहे’ असे कळवणारी कंपनी, यांत मी दुसरीसाठी आणखी एक वर्ष थांबेन.

म्हणून कंपनीला पत्र लिहून दोनच गोष्टी विचाराव्यात. नमुना मंजुरीच्या प्रमाणपत्राचा क्रमांक व तारीख काय आहे, आणि गाडी कोणत्या वर्गात मंजूर झाली आहे? हे प्रमाणपत्र असेल तर ते लपवण्याचे कारण नाही, आणि ते नसेल तर गाडी विकताच येत नाही, मग पहिली खेप कसली? मंजुरी झालेली असेल, तर केंद्राच्या ‘वाहन’ संकेतस्थळावरील खुल्या आकडेवारीत त्या उत्पादकाच्या नावावर किती गाड्यांची नोंदणी झाली आहे, ते कोणालाही पाहता येते. तेथे शून्य दिसत असेल, तर आपण पहिल्या खेपेचे ग्राहक नसून पहिल्या चाचणीचे स्वयंसेवक ठरणार आहात, एवढे ध्यानात ठेवावे. साताऱ्याच्या एमएच-११ परिवहन कार्यालयात (आरटीओत) जाऊन ही गाडी खासगी वापरासाठी कोणत्या प्रकारात नोंदवली जाईल आणि तिला कोणता परवाना लागेल, तेही आधीच विचारावे. गाडी दारात आल्यावर हा प्रश्न सोडवत बसणारे मी पाहिले आहेत.

किमतीविषयीही एक गोष्ट सांगतो. साडेचार लाखांचा आकडा २०२२मधला आहे. तेव्हा विजेच्या वाहनांना अनुदान देणारी केंद्राची फेम-२ योजना चालू होती, ती ३१ मार्च २०२४ला संपली, आणि त्यानंतर आलेल्या योजनांच्या अटी व रकमा वेगळ्या आहेत. जुनी किंमत अनुदान धरून होती की वगळून, आणि आजची लेखी किंमत किती, हे कळल्याशिवाय एक रुपयाही पुढे सरकवू नये.

यानंतरचा भाग माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रस्त्यावर दुचाकीचा एक माग पडतो, मोटारीचे दोन आणि तीनचाकीचे तीन. खड्डा दिसला तर दुचाकीस्वार त्याला बगल देतो, मोटारवाला तो दोन चाकांच्या मध्ये घेतो. पुढे दोन आणि मागे एक चाक असलेल्या गाडीने पुढची चाके वाचवली, तर मधले मागचे चाक नेमके खड्ड्यात जाते, आणि बहुतेक रचनांत मोटर त्याच चाकात किंवा त्याच्या लगत असते. साताऱ्याहून माहुलीचा पूल ओलांडून कोरेगावकडे जाणारा रस्ता गळीत हंगामात कसा असतो, हे आपण रोज पाहता. दोन-दोन ट्रॉल्यांमागे अडकायचे, मग साइडपट्टीवर उतरायचे, पुन्हा डांबरावर चढायचे. या चढ-उताराचा सगळा मार त्या एका चाकाच्या बेअरिंगवर आणि शॉकअपवर पडतो. उलट, वळणावर ब्रेक मारताना पुढे दोन चाके असलेली रचना पुढे एक चाक असलेल्या रिक्षापेक्षा स्थिर असते, हा तिचा खरा गुण आहे आणि तो मान्य करायला हवा. पावसात ओल्या चढावर मात्र एकाच मागच्या चाकावर ओढ असल्याने ते जागेवर फिरू शकते. म्हणून अशी गाडी घेण्यापूर्वी ती स्वतः चालवावी, तीही गुळगुळीत रस्त्यावर नव्हे, तर दोन माणसे बसवून यवतेश्वरच्या घाटात. तेथे चढताना मोटर किती तापते आणि उतरताना ब्रेक कसे धरतात, यावरून जे कळते, ते कोणत्याही पत्रकात छापलेले नसते.

दुसरी बाब सुट्या भागांची. लोकांना बॅटरी आणि मोटर यांची काळजी वाटते. माझ्या अनुभवात गाडी कायमची अडते ती बहुधा काचेपायी. पुढची वळणदार काच, दाराचे रबर, दिव्याचा संच, डिस्प्ले हे त्या एका गाडीसाठीच तयार केलेले असतात आणि कंपनी थांबली की ते कोठेच मिळत नाहीत. टायर, ब्रेक, बेअरिंग यांची मापे रिक्षाची असतील, तर ती आपल्याकडे कोणत्याही दुकानात मिळतील. म्हणून टायरचे माप काय आहे, हा प्रश्न साधा वाटला तरी जरूर विचारावा. त्याच्या उत्तरावरून कंपनीने ग्राहकाच्या पुढच्या दहा वर्षांचा विचार केला आहे की फक्त दिसण्याचा, ते उघड होते.

तिसरी बाब सॉफ्टवेअरच्या कुलपांची, आणि ही मी एका प्रसंगातून सांगतो. मिरजेतील एक परिचारिका ताई त्यांची विजेची स्कूटर टेम्पोत घालून माझ्याकडे घेऊन आल्या. कंपनी बंद पडली होती, तिचे नाव सांगण्यात आता अर्थ नाही. गाडी चालू करावी तर डिस्प्लेवर एक त्रुटीचा क्रमांक येई आणि सगळे थंड. मी बॅटरी उघडली. आत सोळा सेलची माळ होती आणि मीटर लावून पाहिले, तर प्रत्येक सेलवर ३.३ व्होल्ट, सगळे एकसारखे. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. दोष होता तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या पाटीत, म्हणजे बीएमएसमध्ये. ती कंट्रोलरकडून, म्हणजे मोटर चालवणाऱ्या पाटीकडून, ठरलेला संकेत आल्याशिवाय वीज सोडत नव्हती आणि तो संकेत बदलण्याचे सॉफ्टवेअर फक्त कंपनीकडे होते. पाटीवरच्या चिपचे क्रमांकही खरवडून टाकलेले होते. शेवटी बाजारातील साधी बीएमएस आणि साधा कंट्रोलर बसवून गाडी चालू केली. सुमारे अठरा हजार रुपये गेले, डिस्प्ले कायमचा बंद पडला आणि उतारावर बॅटरी भरण्याची सोय गेली. विम्याच्या दृष्टीने असा बदल अडचणीचा ठरू शकतो, हेही मी ताईंना आधी सांगितले होते. त्या म्हणाल्या, “दादा, रात्रपाळीला जायला गाडी हवी, बाकी काय व्हायचं ते होऊ दे.” ती स्कूटर अजून चालते आहे. पण दीड लाखाच्या स्कूटरला जे जुगाड चालते, ते साडेचार लाखांच्या गाडीला करायची वेळ येऊ नये.

सांगलीकर म्हणून आणखी एक प्रश्न सुचतो. बॅटरी जमिनीपासून किती उंचीवर आहे? २०१९च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती आणि नंतर आमच्याकडे आलेल्या बुडालेल्या गाड्यांची रांग मी विसरलेलो नाही. बॅटरीवर पाण्यापासून बचावाचा ‘आयपी-६७’ हा दर्जा लिहिलेला असतो, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणे एवढाच. दोन दिवस पाण्यात राहिलेल्या गाडीसाठी त्याचा काही उपयोग नसतो. आपल्या गावात पूर येत नसेल, तर हा परिच्छेद सोडून द्यावा.

आता पैशांचा हिशेब करून पाहू, कारण तो केल्यावर माझेच मत थोडे बदलले. रोज ४४ किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस धरले, तर ११०० किलोमीटर होतात. मोटारसायकल लिटरला ५० देत असेल, तर २२ लिटर, म्हणजे १०५ रुपये भावाने सुमारे २,३०० रुपये. अशी तीनचाकी किलोमीटरला साधारण ७० वॅट-तास वीज घेईल, म्हणजे महिन्याला ७७ युनिट, आणि चार्जिंगमधील घट व दहा रुपये दर धरला, तरी आठ-नऊशे रुपये. बचत झाली चौदाशे-पंधराशेची. साडेचार लाखांच्या गाडीची किंमत या बचतीतून भरून निघायला पंचवीस वर्षे लागतील. म्हणजेच, आपण इंधन वाचवण्यासाठी थांबलेला नाहीत. आपल्याला हवे आहे डोक्यावर छप्पर आणि पाठीला टेकण. त्या दोन्ही गोष्टी आज बाजारात मिळतात, त्यांना तीनच चाके असावीत असा आग्रह नसेल तर.

येथून पुढे मात्र उत्तर आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे. पाठीचे दुखणे मणक्याचे असेल आणि डॉक्टरांनी दुचाकी टाळायला सांगितली असेल, तर आणखी एक पावसाळाही मोटारसायकलवर काढू नये. अशा वेळी तीन-साडेतीन लाखांत मिळणारी, नीट तपासून घेतलेली जुनी छोटी पेट्रोल किंवा सीएनजी मोटार घ्यावी. पेट्रोलवर ती महिन्याला सहा हजारांच्या पुढे जाईल हे खरे आहे, सीएनजीवर त्याहून बरेच कमी. पण दोन वर्षांनी ती विकताही येईल, आणि तोपर्यंत आपली तीनचाकी आली तर आनंदच आहे. घरी चार्जिंगची जागा असेल आणि कर्जाचा हप्ता झेपणार असेल, तर प्रस्थापित कंपनीची छोटी विजेची मोटार आपल्या ४४ किलोमीटरला अगदी साजेशी आहे. एवढ्या रोजच्या अंतराला मोठी बॅटरी लागतच नाही आणि घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर रात्रीत काम भागते. त्रास मुख्यतः पावसाचा असेल आणि पाठ ठीक असेल, तर साताऱ्यात स्वतःचे सेवा केंद्र असलेल्या कंपनीची विजेची स्कूटर आणि चांगला रेनकोट, एवढ्यावर पुष्कळ भागते. पावसाचे चार महिने एसटीचा पास काढणारेही माझ्या परिचयाचे आहेत, आणि वडापने, म्हणजे खासगी प्रवासी गाडीने, जाणारे तर त्याहून अधिक. याला मी हार मानणे म्हणत नाही. थोडक्यात, रोजचा प्रवास आणि ही नोंदणी यांची गाठ सोडवावी. प्रवासाची सोय आजच्या बाजारातून करावी, म्हणजे कंपनीच्या प्रत्येक निरोपासरशी जीव टांगणीला लागणार नाही.

राहिला प्रश्न दहा हजारांचा. पन्नास हजार भरू नयेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मंजुरीचे प्रमाणपत्र दाखवून, आपण स्वतः गाडी चालवून पाहिल्यावर, चासी क्रमांक नमूद केलेले बिल देऊन कंपनी पैसे मागेल, तेव्हा तो व्यवहार वेगळा असेल आणि तेव्हा पन्नास हजारांऐवजी पूर्ण किंमत द्यायलाही हरकत नाही. तोपर्यंत ‘प्राधान्य’ या शब्दाला किंमत नाही, कारण ज्या खेपेची तारीख नाही, तिच्यात पहिला नंबर असून उपयोग काय?

आधीची रक्कम परत मागावी की ठेवावी, यावर मी स्वतः मागावी या मताचा आहे. दहा हजारांसाठी आपले काही अडणार नसेल आणि गाडीवर खरोखर जीव असेल, तर ती ठेवणेही चूक नाही, फक्त ती गेली असे समजून ठेवावी. कंपनी दिवाळखोरीत निघाली, तर आगाऊ रक्कम देणारे ग्राहक बिनतारण धनको ठरतात, आणि बँकांसारखे तारण असलेले धनको आधी येत असल्याने त्यांच्या वाट्याला क्वचितच काही उरते. परत मागायची असेल, तर आजच मागावी. आधी पावती काढून रक्कम ‘परतावा मिळण्याजोगी’ असल्याचा उल्लेख आहे का, ते पाहावे. मग ई-मेलने, पावती क्रमांक, तारीख आणि बँक खाते देऊन, पंधरा दिवसांत रक्कम परत करावी असे लिहावे. फोनवरच्या आश्वासनांची नोंद कोठेच राहत नाही. कंपनी कायद्याखालील २०१४च्या ठेव नियमांनुसार मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम सर्वसाधारणपणे ३६५ दिवसांत त्या मालापोटी वळती व्हावी लागते, नाहीतर ती ठेव समजली जाण्याचा प्रश्न उभा राहतो. पत्रात या तरतुदीचा एका वाक्यात उल्लेख केला, तर ते पत्र, निरोप पाठवणाऱ्या विभागातून हिशेब पाहणाऱ्या विभागाकडे लवकर जाते, असा अनुभव आहे. उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच, जेथे एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. तेथे तक्रारीची मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे असते. आपल्या प्रकरणात ती नेमकी कोठून मोजायची, हे मात्र एखाद्या वकिलाला कागद दाखवूनच ठरवावे, आणि त्यासाठीही लेखी मागणी व तिचे उत्तर हाती असलेले बरे.

कंपनीच्या प्रकृतीचा अंदाज घ्यायचा असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे नाव घालून शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा दाखल आहे, एवढे तरी पाहावे. त्यासाठी पैसे पडत नाहीत. दोन वर्षांचे ताळेबंद दाखल नसतील, तर ई-मेल पाठवायला उद्याची वाट पाहू नये.

आणि कंपनीकडून मंजुरीचा क्रमांक व गाडी चालवून पाहण्याचे निमंत्रण खरोखरच आले, तर मला अवश्य कळवावे. सुट्टीच्या दिवशी मी मीटर घेऊन साताऱ्यास येईन. आपण चालवा, मी शेजारी बसतो. माझे वजन ब्याण्णव किलो आहे, त्यामुळे यवतेश्वरच्या चढाला चाचणी चांगलीच होईल.